पुराच्या इशाऱ्यासाठी गावात भोंगा आणि कर्णे बसवायचेत: कुठे, किती, आणि बटण कुणाच्या हाती?

काठकरी

शिरोळ तालुक्यातलं, कृष्णेकाठचं आमचं गाव. नाव देत नाही, कारण हा प्रश्न काठावरच्या बहुतेक गावांचा आहे. ग्रामपंचायतीच्या आपत्ती समितीत मी आहे. येत्या पावसाळ्याच्या आत गावात इशारा देणारी कायमची यंत्रणा बसवायची असं ग्रामसभेत ठरलंय. पैशाची थोडी सोय झाली आहे, पण घाईत चुकीची वस्तू गळ्यात पडू नये म्हणून हा धागा काढतोय.

२००५, २०१९, २०२१ असे तिन्ही महापूर गावानं पाहिलेत. आजवरची पद्धत म्हणजे रिक्षावर कर्णा बांधून दवंडी, देवळाचा स्पीकर आणि व्हॉट्सॲप. जुनी माणसं नृसिंहवाडीला दक्षिणद्वार झालं, म्हणजे नदीचं पाणी दत्तमंदिरात शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं, की सामान माळ्यावर टाकायला घ्यायची, अजूनही घेतात. २०१९ ला मात्र आधी लाईट गेली, मग टॉवर बंद पडले, फोन चार्ज करायची सोय राहिली नाही. रिक्षा पाण्यातून पुढे जाईना. वस्त्यांवर निरोप पोचवायला पोरं कमरेएवढ्या पाण्यातून गेली. पुन्हा कुणाच्या पोरानं तसं जाऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

गावाची रचना अशी: नदीकडचं जुनं गावठाण, तिथं घराला घर लागून. मागे थोडा उंच माळभाग. आणि ऊसपट्ट्यात विखुरलेल्या मळ्यातल्या वस्त्या, काही तर दीड-दोन किलोमीटरवर. एका पुरवठादारानं गावच्या पाण्याच्या टाकीवर एकच मोठा सायरन सुचवलाय. म्हणतो तीन किलोमीटर ऐकू जातो. मला पटत नाही, पण खोडून काढायला लागणारं ज्ञानही नाही. ज्यांनी असं काम केलंय किंवा अशा गावात राहतात त्यांनी लिहा.

तारायंत्र

मंडप-स्पीकरच्या धंद्यात आयुष्य गेलं, नंतर कारखान्यांच्या सायरनची कामं केली. तीन किलोमीटर हे मोकळ्या माळावर, वारा पडलेला असताना, भर दुपारी कान देऊन उभ्या असलेल्या माणसासाठी असेल. तुम्हाला ऐकवायचंय रात्री दोन वाजता, धो धो पावसात, दार-खिडकी लावून झोपलेल्या माणसाला.

साधा हिशोब देतो. चांगल्या कर्ण्याचा आवाज एक मीटरवर १२० डेसिबल धरा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल उतरतात. म्हणजे १२८ मीटरवर ७८, २५६ मीटरवर ७२, ५१२ मीटरवर ६६. घरं, झाडं आणि तुमच्याकडचा उभा ऊस मध्ये आला की उतार याहून जास्त, म्हणून नियोजन करताना दुप्पट अंतराला १० डेसिबलसुद्धा धरतात. त्यात भिंत आणि बंद खिडकी आणखी खाते. आणि पत्र्याच्या घरात जोराचा पाऊस पडत असताना शेजारी बसलेल्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. इशारा आजूबाजूच्या आवाजापेक्षा निदान १० डेसिबल वर असला तरच झोपलेला माणूस उठेल.

दुसरं म्हणजे भोंगा आणि बोलणं यांचा पल्ला वेगवेगळा असतो. भोंग्याचा सूर लांबून फुटका ऐकू आला तरी भोंगा वाजतोय एवढं कळतं. बोलण्यातली व्यंजनं गेली की नुसता गोंगाट उरतो. म्हणून एका मोठ्या भोंग्यापेक्षा गावभर छोटे-छोटे ठिपके टाका. गावठाणात चार-पाच ठिकाणी दोन-दोन कर्णे, माळभागात एक ठिकाण, प्रत्येक मोठ्या वस्तीला एक. पुरवठादाराला सांगा, पैसे देण्याआधी भाड्याचा सेट लावून पावसात ऐकवून दाखव. जो तयार होणार नाही त्याच्या नादाला लागू नका.

मुद्देसूद

विरोध म्हणून नाही, पण पैसा सार्वजनिक आहे म्हणून विचारतो. तुमच्याकडचा पूर तासाला काही इंच चढतो. त्सुनामीसारखा येत नाही. आता सरकारकडून मोबाईलवर थेट मोठा आवाज करत येणारे इशारे आहेत, २०२३ मध्ये त्यांच्या चाचण्या सगळ्यांच्या फोनवर झाल्या. ग्रामसुरक्षा यंत्रणेत एका फोनवरून गावातल्या सगळ्यांना निरोप जातो. मग भोंग्याची गरज खरंच आहे का? तेच पैसे दोन चांगल्या बोटींना गेले तर?

काठकरी

बोटी हव्यातच, त्यांची मागणी वेगळी लावली आहे. पण ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटून काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पाण्यानं वेढा पडल्यावर शेवटच्या बोटीवर माणसं तुटून पडतात आणि बोट उलटते. माणूस रस्ता कोरडा असतानाच आपल्या पायानं बाहेर पडला तर बोटीवरचा भार कमी होतो. फोनचे इशारे चालू असेपर्यंत उत्तमच, कर्णे त्यांच्या जोडीला.

वाशिष्ठी

मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ ची रात्र आणि पहाट आम्ही काढली आहे. बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं. आमच्याकडे वाशिष्ठी आणि शिवनदी एकदम फुगल्या, त्यात भरती. अंथरुणातून उतरलेला पाय पाण्यात पडला असं सांगणारी माणसं इथे घरोघर भेटतील. सकाळी नेटवर्क गेलं ते गेलंच, मुंबई-पुण्याची मुलं घरच्यांचा आवाज ऐकण्यासाठी व्याकूळ झाली होती.

मुद्देसूद, तुमचा प्रश्न योग्य आहे, पण हळू चढणाऱ्या पाण्याचा धोका वेगळा असतो. माणूस म्हणतो "अजून दोन पायऱ्या आहेत, बघू सकाळी." त्याला रात्रीच उठवणारं काहीतरी लागतं. आणि चढत्या पाण्यात फोन पिशवीत, चार्ज संपलेला, घरातल्या एकाच माणसाकडे. आजीकडे तर नसतोच.

जलमापक

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. पूर नियंत्रण कक्षात पुष्कळ पावसाळे गेले. तंत्राबद्दल तारायंत्र सांगतीलच, मी बटण कधी दाबायचं त्यावर लिहितो, कारण यंत्रणा तिथेच अडते.

सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ आणि धोका ४३. २०१९ ला आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात, पण ते त्या-त्या ठिकाणचे आहेत. तुमच्या गावचा ओढा कधी फुगतो, बाहेर पडायचा रस्ता कधी बुडतो, हे त्यात लिहिलेलं नसतं. शिरोळमध्ये तर दोन नद्यांचा खेळ आहे. कृष्णा चढलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, फुगवटा मागे येतो. वर पाऊस थांबला तरी तुमच्याकडे पाणी उतरायचं नाव घेत नाही.

आणखी एक. राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की दाबानं आपोआप उघडतात, एका दरवाजातून १४२८ क्युसेक. तिथं रात्री कुणी अधिकारी सही करून दरवाजा उचलत नाही. म्हणजे कुणाचा तरी फोन येईल मग आम्ही भोंगा वाजवू, असं धरून चालू नका. कोयनेचा विसर्ग, राधानगरीचे उघडलेले दरवाजे, आयर्विन आणि राजारामची पातळी हे आकडे पावसाळ्यात दिवसातून ठरलेल्या वेळी टिपून ठेवणारा एक माणूस समितीत नेमा.

पूर्वेकडून

काका, हे सगळं ठीक, पण मूळ दुखणं खाली कर्नाटकातलं अलमट्टी धरण आहे. ५१९.६० मीटरपर्यंत पाणी साठवत राहिले तर कितीही भोंगे लावा.

जलमापक

अलमट्टीचा फुगवटा कुठवर येतो यावर दोन राज्यांत, समित्यांत आणि न्यायालयांत बरीच वर्षं वाद आहे. तो लढायलाच हवा. पण जुलैच्या रात्री गावाच्या हातात जे आहे तेवढंच या धाग्यात राहू द्या, ही विनंती.

धरणाखालच्या माणसाला शब्द न कळवता पाणी सुटलं तर काय होतं त्याचं उदाहरण हिमाचलमधलं. ८ जून २०१४ ला बियास नदीत लारजी धरणाचं पाणी सोडलं आणि पात्रात उतरलेले हैदराबादच्या कॉलेजचे २४ विद्यार्थी वाहून गेले. तिथं पात्रातल्या माणसाकडे मिनिटं होती. तुमच्याकडे तास आहेत. त्या तासांचा उपयोग करा.

रानजाई

मी आशा म्हणून काम करते, गाव करवीर तालुक्यात. काठकरी दादा, एक कळकळीनं सांगते. जनावरांचा विचार केल्याशिवाय यंत्रणा आखू नका. माणसं घर सोडायला तयार होतात, गोठा सोडायला नाही. दोन म्हशी आणि एक रेडकू घेऊन छावणीत जायचं तर टेम्पो लागतो, वैरण लागते, आणि रस्ता कोरडा लागतो. "गाव सोडा" हा शेवटचा निरोप देताना टेम्पो आणायची वेळ गेलेली असते. त्याआधीचा निरोप "जनावरं हलवा" हाच हवा, तोही दिवसाउजेडी.

दुसरं, ऐकू न येणारी माणसं. माझ्याकडे यादी असते: कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाला ऐकू येत नाही, कुणाचा महिना भरलाय, डायलिसिसला कोण जातं. अशा प्रत्येक घराला शेजारचं एक घर नेमून द्या. भोंगा वाजला की त्यानं आधी तिथं जायचं, मग स्वतःचं सामान.

आणि बोलणार कोण, तेही बघा. रेकॉर्ड केलेला पुस्तकी आवाज आला की लोक म्हणतात जाहिरात आहे. गावानं ओळखलेला आवाज हवा. तुमच्या तालुक्यात कन्नड बोलणारी घरं आहेत, परप्रांतातले कामगार आहेत. तीच वाक्यं कन्नड आणि हिंदीत पण तयार ठेवा.

निशिगंध

नोकरीनिमित्त जपानमध्ये राहते. इथे बहुतेक गावांत खांबांवर कर्णे असतात, नगरपालिकेकडून रेडिओनं चालणारे. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी त्यावर एक छोटी धून वाजते. मुलांना कळतं घरी जायची वेळ झाली, आणि पालिकेला कळतं कुठला कर्णा बंद पडलाय. चाचणीसाठी वेगळा दिवस लागत नाही. तरीही मुसळधार पावसात बंद घरात ऐकू जात नाही ही तक्रार इथेही आहे. म्हणून कित्येक ठिकाणी घरात ठेवायचा छोटा रेडिओ पालिका देते, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना.

२०११ च्या त्सुनामीत मिनामिसानरिकु गावात पालिकेची एक तरुण कर्मचारी माइकवरून "उंचावर जा" असं सांगत राहिली. तिच्यामुळे पुष्कळ लोक वाचले. ती ज्या इमारतीत होती ती इमारतच पाण्याखाली गेली आणि ती परत आली नाही. माइक कुठे ठेवणार याचा विचार करताना तिची आठवण ठेवा, एवढंच मागते.

काठकरी

निशिगंध ताई, हे वाचून समितीत सगळे गप्प झाले. आमचा माइक ग्रामपंचायतीत ठेवायचा ठरला होता आणि २०१९ ला ग्रामपंचायतीत पाणी होतं. जागा बदलतोय. माळावरची शाळा उंचावर आहे, छावणीही तिथेच असते. माइक तिथे.

तारायंत्र

शाळा उत्तम. आता विजेचं.

मोटरवर फिरणारा जुन्या धाटणीचा भोंगा घेऊ नका. आवाज खणखणीत असतो, पण लाईट गेली की तो लोखंडाचा गोळा. बॅटरीवर चालणारे इलेक्ट्रॉनिक घ्या. हिशोब: ३० वॅटचे आठ युनिट म्हणजे २४० वॅट. १२ व्होल्ट, १५० एएच बॅटरीत साधारण १८०० वॅट-तास असतात, निम्मेच वापरायचे धरा, ९००. दोन-दोन मिनिटांच्या सूचना त्यावर कितीतरी दिवस देता येतील. पण ॲम्प्लिफायर नुसता चालू ठेवलात आणि तो २० वॅट खात बसला तर दिवसाला ४८० वॅट-तास जातात आणि दुसऱ्या दिवशी बॅटरी बसते. वाजवायचं असेल तेव्हाच चालू होईल अशी रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच) लावून घ्या. हे कोटेशनमध्ये लिहून मागा. सौर पॅनेल जोडीला ठेवा, पण पुराच्या आठवड्यात ऊन नसतं, त्यावर विसंबू नका.

जोडणीचं. एका जागेवरून १०० व्होल्ट लाईननं सगळीकडे तार ओढली तर स्वस्त पडतं, पण वाऱ्यात एक फांदी पडली की पुढचं सगळं मुकं. गावठाणात तार चालेल. वस्त्यांवर प्रत्येक खांबाला स्वतःची बॅटरी आणि रेडिओनं आज्ञा. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ पट्ट्यात लोरा पद्धतीची, म्हणजे छोटे निरोप लांबवर पाठवणारी, छोटी रेडिओ यंत्रं परवान्याशिवाय चालतात. त्यावरून बोलणं जात नाही, पण "नोंदवलेली सूचना क्रमांक दोन वाजव" एवढी आज्ञा जाते, आणि बॅटरी किती उरली याचं उत्तर परत येतं. थेट बोलायचं असेल तर व्हीएचएफ (वॉकीटॉकीसारखा रेडिओ) लागेल, त्याला परवाना लागतो, अर्ज आत्ताच टाका. मोबाईलच्या सिमवर चालणारे बॉक्स बाजारात भरपूर आहेत. ज्या दिवशी टॉवर पडेल त्या दिवशी ते निकामी.

बारीकसारीक: पेटी २०१९ च्या पाण्याच्या खुणेपेक्षा निदान पाच फूट वर. टाकीवर लावाल तिथे वीजरोधक आणि स्वतंत्र अर्थिंग. कर्ण्यांची तोंडं थोडी खाली झुकवा, नाहीतर पाणी साठतं, आणि तोंडाला जाळी मारा, गांधीलमाश्या घर करतात. समोरासमोर दोन ठिकाणं एकाच वेळी बोलू लागली तर मधल्या घरांना घुमल्यासारखं ऐकू येतं, आवाजाला ३४० मीटर जायला एक सेकंद लागतो. म्हणून वाक्य चार-पाच शब्दांचं ठेवा, थांबा, पुन्हा बोला. आणि शाळेत एक हातानं फिरवायचा भोंगा ठेवाच. सगळं बंद पडलं तरी तो वाजतो.

मुद्देसूद

हे पटलं. दोन शंका. रात्री दहानंतर कर्णे लावले म्हणून कुणी तक्रार केली तर? आणि ७ मे २०२५ च्या नागरी संरक्षणाच्या सरावात वर-खाली होणारा भोंगा म्हणजे हवाई हल्ला असं सगळ्यांना सांगितलं होतं. तोच आवाज पुराला वापरणार का?

जलमापक

पहिल्याचं उत्तर सोपं. ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे, पण सार्वजनिक आणीबाणीचा अपवाद त्यातच दिला आहे. तरी तहसीलदार आणि पोलीस ठाण्याला यंत्रणेचं पत्र आधी देऊन ठेवा.

दुसरी शंका फार महत्त्वाची. नागरी संरक्षणात वर-खाली आवाज दोन मिनिटं म्हणजे धोका, एकसारखा दोन मिनिटं म्हणजे धोका टळला. तुम्ही पुरासाठी एकसारखा आवाज ठेवलात तर लोक नेमका उलटा अर्थ घेतील. ऑगस्ट २०२३ मध्ये हवाईच्या लाहायना गावाला वणव्यानं गिळलं तेव्हा भोंगे वाजवलेच नाहीत. अधिकाऱ्यानं नंतर कारण दिलं, की तिथं भोंगा म्हणजे त्सुनामी, लोक डोंगराकडे, म्हणजे आगीकडेच पळाले असते. भोंग्याला बोलता येत नाही हे त्यात दिसतं. माझं मत: आवाज वर-खालीच, पण छोटा, आणि त्याचा अर्थ गावात एकच शिकवायचा: "थांबा, पुढचं ऐका." काय करायचं ते शब्दांनी सांगायचं.

रानजाई

काकांना दुजोरा. आणि भोंगा पाणीपट्टी, रेशन, लसीकरण यासाठी कधीही वाजवू नका. बोलायला कर्णे रोज वापरा, माझ्या लसीकरणाच्या सूचनाही द्या, त्यानं ते चालू राहतील. भोंगा मात्र फक्त पुराला आणि महिन्याच्या चाचणीला.

काठकरी

काल समितीत यावर पुरती चर्चा झाली. जे ठरलं ते लिहितो, अजून भोकं दिसली तर दाखवा.

एकच मोठा सायरन रद्द. गावठाणात तारेवर, वस्त्यांवर स्वतंत्र खांब. खरेदी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून, पण अटींमध्ये पावसातली प्रत्यक्ष चाचणी, रिले आणि तीन वर्षांची देखभाल लिहिली आहे. देखभालीला पैसे बाजूला न काढता यंत्रणा घेऊ नये असा मी आग्रह धरला आणि तो मान्य झाला. चाचणी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी अकराला, शाळेतली मुलं कुठून ऐकू आलं नाही ते नोंदवतील.

बटणाचा अधिकार पोलीस पाटलांना, कारण त्या गावातच राहतात. त्या नसतील तर सरपंच, तेही नसतील तर समितीतला शाळेजवळचा सदस्य. पातळी ठरल्या खुणेला आली की कुणाला विचारत बसायचं नाही, आधी वाजवायचं आणि मग तहसीलला कळवायचं. यावर वाद झाला. खोटा इशारा गेला तर लोक पुन्हा ऐकणार नाहीत, हा मुद्दा होता. त्यावर उपाय म्हणून इशारा ज्यामुळे दिला तो आकडा प्रत्येक सूचनेत सांगायचा आणि धोका टळल्यावर तेही कर्ण्यावरूनच सांगायचं. "धरण फुटलं" सारखी अफवा उठली तर खरं काय तेही याच आवाजात, लगेच.

तीन सूचना लिहून काढल्या आहेत. पहिली: "पाणी वाढतंय. जनावरं आज हलवा. टेम्पो शाळेजवळ आहेत." दुसरी: "ओढ्याचा रस्ता बुडणार आहे. म्हातारी माणसं, बाळंतिणी, आजारी आत्ता निघा." तिसरी: "सगळ्यांनी घर सोडा. माळावरच्या शाळेत या. नदीकडे जाऊ नका." प्रत्येक तीनदा, मग कन्नड, मग हिंदी. आवाज पोलीस पाटलांचा आणि आमच्या आशाताईंचा.

एकच गोष्ट अडली आहे. दुसरी सूचना कुठल्या खुणेला द्यायची? ओढ्याच्या पुलावर आमची पट्टी नाही, आणि आयर्विनला किती फूट असताना आमचा रस्ता बुडतो यावर गावात दहा जणांची दहा मतं आहेत.

वाशिष्ठी

पहिलं वाक्य बदला. "पाणी वाढतंय" हे लोक रोज ऐकतात. "जनावरं आज हलवा" यानंच सुरुवात करा.

जलमापक

मतांवर जाऊ नका. पुलाच्या खांबावर फुटांची पट्टी रंगवून घ्या आणि रस्त्याचा सगळ्यात खोलगट भाग कुठे आहे तो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) लावून मोजा, पट्टीवर तेवढ्या उंचीला लाल रेघ मारा. त्याच्या खाली तीन फुटांवर दुसऱ्या सूचनेची रेघ. यंदाच्या पहिल्या पुरात पट्टी आणि आयर्विनचा आकडा एकाच वेळी टिपत राहा. दोन-तीन पावसाळ्यांत तुमचं स्वतःचं गणित तयार होईल, तोवर लाल रेघेवर चाला. रात्री पट्टी वाचायला टॉर्च घेऊन पुलावर माणूस पाठवू नका, काठावरून दिसेल असा रंग आणि एक दिवा लावा.

लेव्हलचं यंत्र माझ्या ओळखीत मिळेल. मे महिन्यात ओढा कोरडा असताना येतो, सोबत स्टाफ (मोजायची उभी पट्टी) धरायला दोन पोरं द्या.

काठकरी

पोरं चार देतो, काका. व्यनि (खासगी निरोप) केलाय. वाशिष्ठी ताई, वाक्य बदललं.